पुन्हा वळणापासून

हिलालने छाती पुढे काढली, डोळे मिटले आणि रेषा ओलांडली. पण छातीला फीत लागलीच नाही. डोळे उघडून पाहिलं तर दोन माणसं अजून ती बांबूला बांधत होती. एकाच्या दातांत सुतळी होती. ताटं मांडायच्या आधीच पंगतीला येऊन बसलेल्याकडे पाहावं, तसं त्याने हिलालकडे पाहिलं.

क्रीडा मंडळाचे सचिव देवचंद सर सफारीतलं पोट सांभाळत मंडपातून आले.

"अरे, एवढ्यात आलास?"

हिलालला हसू आलं. भुसावळहून जळगावपर्यंत पळत आलेल्याला हे विचारणारा माणूस दरवर्षी शर्यत भरवतो!

"पाहुणे अजून विश्रामगृहावर आहेत," सर म्हणाले. "नाश्ता चाललाय. तू जरा बस."

पाहुणे म्हणजे सूतगिरणीचे चेअरमन. सलग तीन वर्षं पहिला येणाऱ्याला गिरणीत कायमची नोकरी, असं त्यांनी गेल्या वर्षी शर्यत सुटायच्या आधी माइकवर जाहीर केलं होतं. दोन वर्षं हिलालच पहिला आला होता. एरवी शिंदखेड्यात तो मिळेल ते काम करायचा आणि काम देणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालायचा.

तो लिंबाखाली बसला. मागून एकेक जण येत गेला आणि सर प्रत्येकाला तिथेच बसवत गेले. नवे कोरे बूट घातलेली कॉलेजची पोरं आली. नशिराबादच्या पुढे उसाच्या रसाला थांबलेला एक जण मिशीला फेस तसाच ठेवून आला. हिलालने सगळ्यांवरून नजर फिरवली. बाजाराला निघालेली गुरं बरी, त्यांना निदान हाकावं लागतं.

दुसरा आलेला लोटन त्याच्या शेजारी बसला. सावद्याचा हा गडी ट्रकमध्ये केळीचे घड भरायचा. दोन्ही वर्षं दुसराच. गेल्या वर्षी हिलालने त्याला चारचौघांत सांगितलं होतं, "तू पळस नही, मन्हा मांगे येस." लोटन त्यावर नुसती मान हलवून गेला होता. असल्या माणसाचा हिलालला फार राग यायचा.

बराच वेळ गेला. अंगावरचा घाम वाळून मीठ झाला. मग पांढरी अँबॅसडर आली, चेअरमन उतरले आणि सर घाईघाईने लिंबाखाली आले.

"चला, सगळ्यांनी पेट्रोल पंपाच्या वळणावर जा. शिट्टी वाजली की पळत यायचं. आलात त्याच क्रमाने. फोटोवालाही आलाय."

"मी नाटकमा काम करत नही," हिलाल म्हणाला.

सर खाली वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "त्यांनी पाहिलं नाही, तर कोण पहिला आला हे त्यांना कसं कळणार? फीत तोडेल तो पहिला. बघ बाबा."

हिलाल बाजूला थुंकला आणि उठला. वळणापर्यंत चालताना त्याला सरांची कीव आली, चेअरमनची आली आणि गुपचूप पाय उचलणाऱ्या स्वतःची सगळ्यांत जास्त आली.

शिट्टी वाजली. पहिल्याच पावलाला कळलं की पाय थंड पडलेत. मंडप दिसू लागला तेवढ्यात उजव्या पोटरीत गोळा आला. तो दातओठ खाऊन पळत राहिला. मग पळणं खुरडणं झालं. आता लोटन पुढे जाणार. जाऊ दे त्या भिकारड्या नोकरीला. पण पुढे कुणीच गेलं नाही.

"चाल, भाऊ," मागून हलका आवाज आला. "मी मांगेच हाये."

हिलालने वळून पाहिलं. लोटनने दोन्ही हात पसरले होते. त्याच्या मागे ती सगळी गुरं, नव्या बुटांची पोरंसुद्धा, पाऊल आखडून येत होती. लोटनच्या कपाळावर घाम नव्हता. बोलताना त्याला धाप लागली नव्हती.

फीत हिलालच्या छातीला लागली. टाळ्या वाजल्या. चेअरमन सरांना म्हणाले, "पोरगा दमलेला दिसतोय," आणि खुर्चीत बसले.

हिलाल मंडपाच्या कडेला जमिनीवर बसून पोटरी चोळू लागला. लोटनने त्याच्यासमोर पाण्याचा पेला धरला. हिलालने तो घेतला नाही.

"सकायले बी?" त्याने विचारलं.

लोटनने पेला तसाच पुढे धरून ठेवला.

"सकायले बी तू मुद्दाम मांगे व्हता? आन् त्या दोन सालले?"

लोटनने पेला खाली ठेवला आणि बुटाची नाडी सोडायला घेतली. "मले त रोजचं काम हाये," तो खाली पाहतच म्हणाला. "पहिल्या साली तू खरंच पुढे होता, भाऊ."

कर्ण्यावर हिलालचं नाव पुकारलं गेलं. तो हलला नाही. पुन्हा पुकारलं गेलं.

"जाय ना," लोटन म्हणाला. "वाट पाहून राह्यले."

हिलालने पेला उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं. मग लोटनच्या खांद्यावर भार देऊन तो उठला आणि स्टेजकडे निघाला. तो लंगडत होता. सगळी माणसं बघत होती, आणि ते लपवायची त्याने जराही खटपट केली नाही.