सगळ्यांची एक जून

शाईच्या पेनाने ‘१ जून’ लिहून गुरुजी पुढे वर्ष घालणार, तेवढ्यात हर्षदाने रजिस्टरवर थाडकन तळहात ठेवला.

“थांबा!”

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या मराठी शाळेत गुरुजींवर असं कुणी ओरडलं नव्हतं. हर्षदा आली होती ती शेजारच्या पुष्पाबाईंना सोबत म्हणून. त्यांच्या रुक्मिणीचं नाव पहिलीत घालायचं होतं. पण ती तारीख दिसली आणि तिचं डोकंच फिरलं.

“माझी एक जून, कुंदनदादाची एक जून, पप्पांचीसुद्धा! आख्खी गल्ली काय एकाच दिवशी जन्मली, गुरुजी?”

“अगं, सोय असते ती. तारखा आठवतात कुणाला?”

“सोय? इंग्लंडच्या कॉलेजनं घेतलं होतं दादाला! व्हिसावाला साहेब घरातल्या सगळ्यांची एकच तारीख बघून हसला. म्हणे, कागद बनावट आहेत. आता दादा सचिनच्या गिरणीत पाळीवर जातो अन् येतो. बोलत नाही कुणाशी.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“मावशी, हिची खरी तारीख सांगा.” हर्षदा पुष्पाबाईंकडे वळली.

“प्लेग आलता ना व, सारी सुरत पळत होती, तव्हाची. गावाकडं जाताना गाडीतच झाली.”

“म्हणजे सप्टेंबर चौऱ्याण्णव.” गुरुजींनी बोटांवर हिशेब केला. “मग पाच पुरी नाहीत. यंदा नाव घालता येणार नाही.”

रुक्मिणीने नवी पाटी छातीशी घट्ट धरली.

“राहू दे ना व ताई, एक जूनच,” पुष्पाबाई हळूच म्हणाल्या. “घरी ऱ्हायली तं माझ्यासंगं साड्यांना टिकल्या लावत बसंल. मंग कुठली शाळा?”

हर्षदाच्या कानांतून वाफा निघत होत्या. ओरडायला तोंड उघडलं, पण कुणावर ओरडायचं तेच सुचेना.

“बोल बाई,” गुरुजी म्हणाले. “काय करू?”

तिने रजिस्टरवरचा हात उचलला.

घरी आली तेव्हा कुंदन उंबऱ्यात बसून पाळीला जायला चपला घालत होता. किती दिवसांनी त्याने आपणहून विचारलं,

“घातलं का गं नाव, रुक्मिणीचं?”

“घातलं,” हर्षदा म्हणाली, आणि शाई उमटलेला तळहात तिने पाठीमागे नेला.