प्रज्ञेशची ओव्हर

वाडीच्या संघात बॅट्समनांना तोटा नव्हता. ज्याला त्याला बॅटच हवी असली की तसा तो नसतोच. नव्हता तो शेवटची ओव्हर टाकणारा बॉलर. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, स्पर्धेसाठी खेळाडूंची नावं दिवेलागणीच्या आत कमिटीकडे पोचवायची होती, आणि दुपार कलली तरी बुद्धविहारासमोरच्या ओट्यावर जमलेली मंडळी एकमेकांच्या बॉलिंगचे वाभाडे काढण्यातच रमली होती.

"गंगाराम टाकील की शेवटची," कोणीतरी म्हणालं.

"गंगाराम टाकतो तो बॉल नाय, आहेर हाय," कप्तान नितेश म्हणाला. "गेल्या वर्षीचा अजून करवंदीत शोधतायत."

सगळे हसले, गंगारामसुद्धा हसला. खांबाला टेकून बसलेला सुजय तेवढा हसला नाही. तो संघाचा कीपर. टेनिस बॉलच्या खेळात कीपरला हातमोजे नसतात, उघड्या तळव्यांवर सगळं झेलायचं असतं. आणि सुजयच्या तळव्यांना गेली दोन वर्षं झेलण्यासारखं काही आलंच नव्हतं. त्याआधी शेवटची ओव्हर त्याचा धाकटा भाऊ टाकायचा. प्रज्ञेश. त्याच्या ओव्हरला सुजय स्टंपांपासून पार मागे, कातळाला भेग गेली आहे तिथे जाऊन उभा राहायचा, आणि तरीही रात्री जेवताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आग होत असायची. मग आई मिठाच्या पाण्याचं भांडं पुढे सरकवायची.

प्रज्ञेश हर्णैच्या एका बोटीवर खलाशी होता. एका संध्याकाळी बोट बंदराला लागली, नेहमीसारखा मासळीचा लिलाव झाला, सगळे खलाशी घरोघर गेले आणि प्रज्ञेश तेवढा आला नाही. तो कधी पाण्यात पडला, हे कोणालाच सांगता आलं नाही. वाडीने वर्षभर वाट पाहिली आणि मग गेलेल्या माणसासाठीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून घे म्हणून सुजयच्या मागे टुमणं लावलं. आधी मायेने, मग जरा चिडून. सुजय कोणाला बधला नाही. ज्याला मेलेला कोणी पाहिला नाही त्याच्या फोटोला मी हार घालणार नाही, हे त्याने भर बैठकीत बजावलं. संघाच्या नावांत प्रज्ञेशचं नावही तो भांडून ठेवायला लावी. एक जागा त्याच्या हट्टापायी रिकामी राहायची, आणि तिची वाडीतल्या तरण्या पोरांना चीड होती.

"लांज्याला एक पोरगा हाय," नितेश म्हणाला. "अजिंक्य. काजूच्या कारखान्यात कामाला. बॉल टाकतो तो दिसत नाय म्हणतात."

"बाहेरचा चालत नाय," गंगाराम म्हणाला.

"बाहेरचा म्हणून कशाला खेळवायचा?" नितेशने सुजयकडे पाहिलं. "दादा, रागवू नको. प्रज्ञेशच्या नावावर खेळवू. नायतर ह्या वर्षी कमिटी त्याचा नाव काढून टाकणार. दोन वर्षं मैदानात न आलेल्याचा नाव कोण ठेवतो?"

ही लबाडी सगळीकडेच चालते, तिचं कोणाला काही वाटत नाही. पण सुजयने ते ऐकताच मानेने नाही म्हटलं. मग नाव काढून टाकल्यावर उरणारी कोरी जागा त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि ती त्याला त्याहून सोसेना.

"मैदानापुरता," तो म्हणाला. "रेषेबाहेर आला की तो अजिंक्य. कबूल असेल तर ठेवा."

सगळ्यांनी कबूल केलं.

अजिंक्य एसटीने आला, किडकिडीत, खाली मान घालून बोलणारा. स्पर्धा संपेपर्यंत सुजयच्याच घरी राहायचं ठरलं. पहिल्या दिवशी सुंदराबाईंनी, म्हणजे सुजयच्या आईने, बांगडे तळले तेव्हा त्याने मागून मागून खाल्ले. सुजयला पोरगा आवडला. वेग चांगला होता. थोडं मागे सरकलं की भागत होतं. कमिटीच्या माणसांनी विचारलं तर घोटाळा नको म्हणून नितेशने सगळ्यांना त्याला सरावातही प्रज्ञेश म्हणायला लावलं. पहिल्या सामन्यात समालोचकाने ते नाव भोंग्यावरून असं काही गर्जून घेतलं की खालच्या वाडीत बाया दारात आल्या.

दुसऱ्या सामन्यात धाव घेण्याआधी अजिंक्यने डाव्या टाचेने कातळ खरवडला.

"हे कोणी शिकवलं तुला?" सुजयने विचारलं.

"काय दादा?"

प्रज्ञेशची ती खोड होती, तरी टाच काय, कोणीही घासतं. सुजयने स्वतःलाच दटावलं. पण त्या संध्याकाळी आईने पुन्हा बांगडे केले आणि पोराने ताट हलकेच दूर सारलं. वास सोसत नाही म्हणाला. सुंदराबाईंनी काही न विचारता त्याच्यापुढे कुळथाची पिठी ठेवली. ती चुलीवर आधीच तयार होती. मासे पकडून जगणाऱ्या आणि माशाला न शिवणाऱ्या प्रज्ञेशची सगळी वाडी एकेकाळी थट्टा करायची. हातातला घास सुजयने ताटात परत ठेवला.

"आई, हा अजिंक्य आहे," तो म्हणाला.

"जेव तू," आई म्हणाली.

अंतिम सामन्याच्या सकाळी खेळाडू आंब्याच्या सावलीत बूट चढवत होते. जवळपास कमिटीचं कोणी नव्हतं. सुजयने मुद्दाम मोठ्याने हाक मारली, "अजिंक्य!"

पोराने मान वर केली नाही. बाकीच्यांनीही नाही. नितेशने नाडी बांधता बांधता विचारलं, "कोणाला हाक मारतोस रे दादा?"

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. सुजयने ती शोधून पाहिली. आणि मग भीतीच्या जागी त्याला संताप आला. माझ्या भावाची जागा मी राखली ती त्याच्यासाठी, असल्या कोणासाठी नाही. तुम्ही सगळे विसरा, मी विसरणार नाही.

शेवटच्या ओव्हरचा शेवटचा बॉल राहिला तेव्हा सुजय भेगेपासून निघाला आणि चालत येऊन स्टंपांना चिकटून उभा राहिला. लांज्याच्या पोरासाठी एवढं मागे कशाला जायचं?

"मागे जा मेल्या, फुटशील!" नितेश ओरडला. अंपायरनेही हात केला. सुजय हलला नाही. बॉलर खुणेवर थांबून त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने डाव्या टाचेने कातळ खरवडला आणि धावत आला.

बॉल सुजयला दिसलाच नाही. बॅट फिरली, चुकली, आणि काहीतरी येऊन त्याच्या तळव्यात बसलं. आग उसळली ती बरोबर अंगठ्याच्या मुळाशी. त्याने मूठ मिटून घेतली. वाडी जिंकली होती, पोरं नाचत मैदानात शिरत होती, आणि सुजय त्यांना ढकलत मांडवात जाऊन समालोचकाच्या हातातला माइक हिसकावून घेत होता.

"हा प्रज्ञेश नाही," तो म्हणाला, आणि भोंग्याने ते सगळ्या सड्यावर नेलं. "हा लांज्याचा अजिंक्य. आम्ही लबाडी केली. कप परत घ्या. हा माझा भाऊ नाही."

कमिटीची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. त्यांना राग आलेला दिसेना, कीवच आलेली दिसली. गर्दीच्या कडेला सुंदराबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात मिठाच्या पाण्याचं भांडं होतं.

बॉलर घाम पुसत सुजयजवळ आला. त्याने आवाज चढवला नाही. दुखऱ्या माणसाशी बोलावं तसा तो हळू बोलला.

"मी प्रज्ञेश नाय, तर मग प्रज्ञेश कुठं हाय दादा?"

या प्रश्नाचं उत्तर वाडी त्याला वर्षभर सांगत आली होती. ते एवढं उच्चारलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पोर लांज्याला गेलं असतं, फोटोला हार चढला असता. सुजयच्या ओठांपर्यंत ते आलं आणि त्याने ते गिळलं.

"यायचाय," तो म्हणाला. भोंगा पुन्हा घुमला. "यायचाय अजून तो."

"आलो की," बॉलर म्हणाला, आणि बॉलसाठी त्याने हात पुढे केला.

सुजयने मूठ उघडली नाही.