काचेवरचा दोन

निवडणुकीत डॉक्टर लोंतोक पडले, आणि त्याचा त्रास त्यांच्यापेक्षा माझ्या नखांनाच जास्त झाला.

आमच्या मल्टिकॅबच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्या छोट्या गाडीच्या, पुढच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात, डॉक्टरांचा स्टिकर होता. वर त्यांचा हसरा चेहरा आणि खाली मतपत्रिकेवरचा त्यांचा नंबर, लालभडक दोन. आमच्या गावात निवडणूक आली की ज्याच्या त्याच्या गाडीवर कुणाचा ना कुणाचा चेहरा चिकटतोच. पण शहाणे ड्रायव्हर काच आधी साबणाच्या पाण्याने ओली करतात आणि मग स्टिकर लावतात. निकाल उलटा लागला तर कोपरा धरून ओढला की सालपटासारखा निघून येतो. माझा नवरा डेल्फिन शहाण्यांतला नाही. त्याने काच स्पिरिटने पुसली, वाळवली, स्टिकर चिकटवला आणि वरून बशीच्या कडेने दाबला. लग्नातसुद्धा त्याने माझ्या बोटात अंगठी इतकी मन लावून घातली नव्हती.

त्यानंतर मार्च, एप्रिल, मेचं ऊन त्या काचेवर पडलं. माग्सिनो निवडून आले, मेयर झाले, गावभर डुकरं भाजली गेली, आणि आमच्या काचेवर डॉक्टर आपले हसतच होते.

मी म्हटलं, काढ तो. डेल्फिन म्हणाला, नाही. का नाही, तर डॉक्टर आमच्या फ्लोरिताचे धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्यांनी मेणबत्ती धरली होती, तेव्हापासून ते डेल्फिनचे कुंपारे, त्यांची बायको माझी कुमारे. आणि फ्लोरिता आडवी आली होती तेव्हा पुरातून होडीने आमच्या घरी आलेही तेच होते. हे सगळं मला ठाऊक नाही का? आडवी आली ती माझ्याच पोटात. पण त्या उपकारांची फेड काचेवरच करायची असं कुठल्या पाद्र्याने सांगितलंय?

"कुंपारेच्या तोंडावर मी ब्लेड चालवणार नाही," डेल्फिन म्हणाला. त्यानंतर तो या विषयावर बोललाच नाही. गाढवाला पाय रोवायला निदान चिखल तरी लागतो, याला तोही लागत नाही.

घाई का होती ते सांगते. बाजार ते मालाबनिग या आमच्या लाइनीवरच्या गाड्यांना दर जुलैला मेयरचा परवाना नव्याने घ्यावा लागतो. त्या आधी ड्रायव्हर संघटनेच्या अध्यक्षाने प्रत्येक गाडी पाहून सही करायची. सही नाही तर शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर गाडी म्हणजे अंगणातलं लोखंड. कोंबड्यांनी रात्री बसायला बरी. अध्यक्ष होता माडिंग. माडिंगने माग्सिनोंच्या प्रचारात घसा बसेपर्यंत ओरडून घेतलं होतं, आणि त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने नुकतीच नवी मल्टिकॅब आणून दारात उभी केली होती. लाइनीत जागा नव्हती. म्हणजे कुणाची तरी गाडी काढून ती करायची होती.

मी तिथेच थांब्यावर साखरेत तळलेली केळी काडीला लावून विकते, त्यामुळे माडिंगचं तोंड मला रोज बघावं लागतं. एका सकाळी तो केळं चावत चावत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्यांच्या काचेवर अजून डॉक्टर हसतायत, त्यांनी परवानाही डॉक्टरांकडूनच घ्यावा. खोकल्याचं औषध मिळेल सोबत."

सगळे हसले. आदल्या महिन्यापर्यंत डॉक्टरांच्या सभेत फुकटच्या टोप्या घालून बसलेलेसुद्धा हसले. मी खाली बघून केळी उलटत राहिले. कढईतलं तेल गरम होतं आणि माझा माझ्या हातावर भरवसा नव्हता.

त्याच दुपारी डेल्फिन झोपल्यावर मी ब्लेड घेऊन काचेला भिडले. वरचा चकचकीत कागद निघाला, पण तुकड्यातुकड्याने. आधी डोळे निघाले. मग कपाळ, मग नाक. दात मात्र निघेनात. डोळे नाहीत, नाक नाही आणि दात विचकलेले, अशा चेहऱ्याशी मी झटत होते तेव्हा मागून छत्रीची सावली पडली. डॉक्टरांची बायको, मिलाग्रोस. नवरा पडला तरी नाक वर, अशी बाई.

"सावकाश कुमारे," ती म्हणाली. "हेच डोळे रात्रभर जागले होते तुझ्या उशाशी."

मी म्हटलं, मला पोट आहे. ती म्हणाली, पोट तर तेव्हाही होतं, आणि ते मोकळं कुणी केलं तेही तुला माहीत आहे. मग छत्री वळवून चालती झाली. मला इतका राग आला की मी दात एका फटक्यात काढले. राग तिचा आला की स्वतःचा, ते मी त्या दिवशी ठरवलं नाही.

कागद गेला, गोंद राहिला. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, तसा. मी खोबरेल तेल चोळलं. कलमन्सी लिंबं पिळली. दात घासायची पेस्ट लावली. बाजारातली प्रत्येक बाई एक उपाय सांगायची आणि काच पुसायला मात्र एकही यायची नाही. चेहऱ्याच्या जागी नुसता ढगळ डाग उरला होता, तो एक वेळ धूळ म्हणून खपला असता. पण दोनची लाल शाई खाली गोंदात मुरली होती. कोरड्या काचेवर दिसायची नाही. पहाटे दव पडलं किंवा पावसाची सर आली, की आजूबाजूची काच धुरकट व्हायची आणि मध्ये स्वच्छ, ठसठशीत, गुलाबी दोन उमटायचा. वायपर त्यावरून जाताना कुईकुई करायचा. आणि पावसाळा तर नुकता कुठे सुरू झाला होता.

माडिंगला ते कळायला वेळ लागला नाही. पाऊस पडला की तो मुद्दाम आमच्या गाडीपुढे येऊन उभा राहायचा आणि दोन बोटं वर करून डेल्फिनला सलाम ठोकायचा. डेल्फिन समोर बघत बसायचा. घरी आला की मी तोंडाचा पट्टा सोडायचे आणि तो भात कालवायचा.

मग माग्सिनोंनी आभाराची जेवणावळ घातली. मेयरच्या अंगणातल्या जेवणाला आमच्याकडे कुणाला हाकलत नाहीत. हाकललं तर यजमानाचंच नाक कापलं जातं. मी केस विंचरले, फुलांचा झगा घातला आणि गेले. शेवया खाल्ल्या, भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी खाल्ली, दोनदा वाढून घेतली. वैऱ्याचं डुक्कर चवीला चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. निघताना प्रत्येकाच्या हातात एकेक स्टिकर देत होते. मेयरचा चेहरा आणि खाली 'मनापासून आभार'. माडिंगने हे स्टिकर आमच्या लाइनीतल्या सगळ्यांना आधीच वाटले होते, एक डेल्फिन सोडून. मी हात पुढे केला तर देणाऱ्या मुलीच्या मागे माडिंगच उभा.

"पिलिंग, जेवलीस का पोटभर?" तो म्हणाला. "घे, घे. चिकटव. मी येतोच बघायला."

मला तेव्हाच त्याचा डाव कळायला हवा होता. पण मला फक्त एवढंच दिसत होतं की त्या स्टिकरचा आकार आणि आमच्या डागाचा आकार एकच आहे. घरी आल्यावर मी काच पुन्हा एकदा रॉकेलने चोळली, पुसली, आणि मऊ पडलेला जुना गोंद पुरता सुकायची वाट न बघता मेयरना डॉक्टरांच्या जागेवर बसवलं. साबणाचं पाणी वगैरे काही नाही. बशीच्या कडेने दाबून. डेल्फिन दारातून बघत होता. त्या दिवशी त्याने माझ्या हातचा भात ताटात तसाच ठेवला.

तपासणी चर्चपुढच्या चौकात होती. सगळ्या मल्टिकॅब ओळीने उभ्या, ऊन असं की चपला डांबराला चिकटत होत्या. मोठ्या झाडाखाली टेबल टाकून मेयरची सेक्रेटरी शिक्का घेऊन बसली होती, हातातल्या छोट्या पंख्याने तोंडावर वारा घेत. माडिंग एकेका गाडीभोवती फिरायचा, दिवा बघायचा, सही करायचा. त्याच्या बहिणीचा नवरा नवी गाडी घेऊन चौकाच्या तोंडाशीच थांबला होता. इंजिन चालू ठेवून.

आमच्या गाडीशी माडिंग थांबला. दिवे बघितले नाहीत, टायर बघितले नाहीत. सरळ काचेशी आला.

"वा," तो मोठ्याने म्हणाला, "डेल्फिनला मेयर कधीपासून आवडायला लागले? आणि नेमके याच कोपऱ्यात?"

दोन-चार ड्रायव्हर जवळ सरकले. डेल्फिन म्हणाला, सही करायची तर कर. माडिंग म्हणाला, करतो की, पण वरच्या कागदाखाली आत कोण झोपलंय ते आधी बघू दे सगळ्यांना. मेयरना दाखवायला नको का, त्यांच्या चेहऱ्याआड कोण लपलंय ते?

मी पुढे झाले. म्हटलं, कुया माडिंग, थोरला दादा म्हणून सांगते, हात लावू नकोस. त्याने मला कोपराने बाजूला केलं आणि स्टिकरच्या कोपऱ्यात नख घातलं.

मी डोळे मिटले. मला ती गाडी अंगणात उभी दिसली, तिच्यावर बसलेल्या कोंबड्यासुद्धा दिसल्या. कागद ओढल्याचा लांबलचक चर्रर्र आवाज आला. कुणीतरी आणलेल्या बाटलीतलं पाणी काचेवर फेकल्याचाही आवाज आला, कारण दोन कसा उमटतो ते माडिंगने पावसात बघून ठेवलं होतं.

मी डोळे उघडले.

काच स्वच्छ होती. पाणी तिच्यावरून सरळ खाली ओघळत होतं. डाग नाही, गोंद नाही, दोन नाही. काचेतून पलीकडे डेल्फिनचं तोंड दिसत होतं, वासलेलं. एवढ्या दिवसांत ब्लेडने, तेलाने, लिंबाने जे झालं नाही ते मेयरच्या ताज्या गोंदाने केलं होतं. उन्हात शेकून तो खालच्या जुन्या गोंदाला असा काही बिलगला होता की निघताना त्यालाही मुळासकट घेऊन निघाला.

माडिंगच्या हातात मेयर होते, मधोमध फाटलेले. त्याने स्टिकर उलटा केला. मी त्याच्या शेजारीच होते, म्हणून मला दिसलं. मेयरच्या पाठीवर, उलटा पण पुरता, गुलाबी दोन होता.

त्याला पुरावा मिळाला होता. तो दाखवायला त्याने हात वर उचललासुद्धा. आणि मग त्याच्या लक्षात आलं की चौकातल्या सगळ्यांना त्या हाताची दुसरी बाजू दिसतेय.

"कुया माडिंग," झाडाखालून सेक्रेटरीने विचारलं, आणि तिचा पंखा थांबला होता, "तुम्ही मेयरसाहेबांचा चेहरा फाडलात?"

तो म्हणाला, नाही, म्हणजे, खाली दोन आहे. ती म्हणाली, कुठे खाली? काच तर कोरी आहे. तो म्हणाला, काचेवर नाही, इथे, मागे. मागे म्हणजे कुणाच्या मागे, तिने विचारलं. ड्रायव्हरांमध्ये कुणीतरी खोकला, पण तो खोकला नव्हता. माडिंगने स्टिकर परत काचेवर लावून बघितला, तर मेयरचं नाक कानाजवळ गेलं. काढायला गेला तर बोटांना चिकटला. उजव्या हाताचा डाव्या हाताला, डाव्याचा उजव्याला. भर उन्हात एवढा मोठा माणूस लेकराने गुळाची ढेप धरावी तसा दोन्ही हात धरून उभा होता. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

त्याने सही केली. करताना कागदही त्याच्या हाताला चिकटला. सेक्रेटरीने शिक्का मारला आणि त्याला टेबलापाशी थांबायला सांगितलं. चौकाच्या तोंडाशी चालू असलेलं इंजिन बंद झालं.

मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, "कुया, रॉकेल लाव. नुसतं नखाने खरवडू नकोस, त्याने आधी डोळे निघतात."

तेव्हा डेल्फिन गाडीतून उतरला. महिनाभर ज्याने त्या स्टिकरचं नावही काढलं नव्हतं तो माणूस माडिंगपुढे हात पसरून म्हणाला, "दे इकडे. माझ्या गाडीवरचा आहे." माडिंगने तो असा काही झटकून दिला की जणू हातात जळतं लाकूडच होतं. डेल्फिनने मेयरचा चेहरा आत घेऊन त्याची सावकाश घडी केली, आणि दोनची बाजू छातीकडे करून ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

परत जाताना डॉक्टरांच्या फाटकापुढे त्याने नेहमीसारखी टोपी काढली. वरच्या खिडकीत मिलाग्रोस होती. तिने पडदा ओढून घेतला. मला टोचलं ते.

खिशातला गोंद आता त्याच्या शर्टाला लागलाय. तेल लावून झालं, लिंबू लावून झालं, दगडावर आपटून झालं. ओला केला की छातीवर डावीकडे गुलाबी डाग उठून दिसतो. मी म्हणते फेकून दे तो शर्ट. डेल्फिन दर रविवारी तोच घालून चर्चला जातो.