मोंढा आज बंद राहील

"आधी तुमच्या आईला थांबवा, मॅडम," राघवेंद्र सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "अकराला शोकसभा आहे. सगळा मोंढा बंद, आणि त्यांचा चाळणा चालूच. लोक काय म्हणतील?"

माईक अजून माझ्या हातात होता. पाच मिनिटांपूर्वी मीच त्यात वाचलं होतं : आपल्या मोंढ्यातील ज्येष्ठ आडत व्यापारी शिवमूर्तीअप्पा यांचे आज पहाटे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या दुःखात सहभागी म्हणून मोंढा आज बंद राहील. सौदे, वजनकाटे, हमाली, चाळणी, सर्व कामे थांबवावीत.

टाईप मी केलं, वाचलंही मीच. बाजार समितीच्या ऑफिसात कंत्राटावर कॉम्प्युटर चालवते मी, आठ वर्षं झाली. आणि याच मोंढ्यात, तालुक्याच्या या धान्यबाजारात, चौदा नंबरच्या दुकानापुढं माझी माय, सरजाबाई, तीस वर्षं धान्य चाळते. माझं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. समितीचे सचिव असलेल्या सरांनी ते बोलून दाखवलं नाही. तशी गरजही नव्हती.

मी खाली उतरले.

ऐन सोयाबीनचे दिवस. नांदेड रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि सगळं ठप्प. शेतकरी ट्रॉल्यांच्या सावलीत बसलेले, हमाल पोत्यांना टेकलेले. एवढ्या मोठ्या आवारात एकच आवाज होता. खर्र, खर्र. तीन बांबूंना टांगलेला मायचा चाळणा पुढं जायचा, मागं यायचा. काल विकल्या गेलेल्या सोयाबीनचा ढीग होता, निम्मा चाळून झालेला. तिनं नाकातोंडाला पदर बांधलेला, फक्त डोळे दिसत होते, आणि पापण्यांवर मातीची पिवळी पूड.

"माय, थांबव."

"ढीग उरकून राहिले."

"बंद हाय आज. आयकलं न्हाई का?"

"आयकलं की. तूच तर वरडत होतीस. चांगला लागला तुजा आवाज. 'दुःखात सहभागी', लई झाक म्हणलीस."

तिचा हात थांबला नाही.

चौदा नंबरचे मुनीम वीरण्णा दुकानाच्या पायऱ्या उतरून आले. दुकान शिवमूर्तीअप्पांचंच. वीरण्णांचे डोळे लाल होते. पंचवीस वर्षं अप्पांच्या हाताखाली काढलेला माणूस, त्यांचं रडणं खोटं नव्हतं.

"ओ सरजाबाई, जरा तरी जनाची ठिवा. मालक गेले, अन् तुमी त्येंच्याच दारात धूळ उडवून राहिल्या? लॉकडाऊनात किट कुणी दिलतं तुमाला?"

"अप्पांनी दिलतं. किट दिलं, फोटू काढला. तांदूळ पंधरा दिसांत सरला. फोटू अजून हाय तुमच्या मोबाईलात."

शेजारच्या ट्रॉलीवरून कुणीतरी फिस्सकन हसलं. वीरण्णांनी तिकडं रागानं बघितलं.

"तुमचं म्हणणं तरी काय हाय?"

"ढीग उरकायचा हाय."

तिचं म्हणणं काय आहे ते वीरण्णांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. साडेतीन वर्षांत तिनं ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, म्हणून आम्ही सगळे ते विसरल्यासारखं वागत होतो.

आमच्या मोंढ्याची एक जुनी रीत आहे. मोंढ्यातलं माणूस गेलं की सौदा थांबतो. व्यापारी गेला तर दिवसभर. हमाल किंवा चाळणीवाली गेली तर सौदा निघायच्या आधी दोन मिनिटं. हमाल पाठीवरचं पोतं खाली ठेवतो, व्यापारी टोपी काढतो, माईकवरून नाव घेतात, आणि सगळे उभे राहतात. एकाला दिवस, दुसऱ्याला दोन मिनिटं, हे माझ्या दादांना कधी खटकलं नाही. माझे वडील, भीमा हमाल. ते म्हणायचे, "दोन मिनटं का हुईना, अख्खा मोंढा आपल्या नावानं उबा ऱ्हातो. राजाला तरी मिळतं का?" प्रत्येकासाठी ते उभे राहायचे. ओळख नसलेल्यांसाठीसुद्धा.

पहिल्या लॉकडाऊनात मोंढा बंद पडला तेव्हा घरात मीठ-भाकरीचे दिवस आले. माय दुकानांच्या फटीतलं मातेरं झाडून आणायची, पाण्यात धुऊन खडे काढायची, आणि त्यातली डाळ आम्ही खायचो. मोंढा उघडा म्हणून तहसीलला निवेदन द्यायला जे हमाल गेले, त्यांत दादा पुढं होते. कुणी त्यांना ढकललं नव्हतं. "रोगानं मरू का भुकेनं, येवढंच ठरवायचं हाय साहेब," असं ते तहसीलदारांना म्हणाले होते. पेपरात आलं होतं ते, नावाशिवाय.

दुसऱ्या लाटेत म्हणूनच मोंढा बंद झाला नाही. समितीची बैठक झाली, त्याचं इतिवृत्त मीच लिहिलं. शिवमूर्तीअप्पा म्हणाले, एक दिवस बंद म्हणजे दोन कोटींची उलाढाल गेली, तालुक्याला परवडणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. सकाळी सात ते अकरा परवानगी मिळाली. चार तासांत दिवसभराचा माल उतरायचा, चढायचा. तोंडाला मास्क लावून पाठीवर क्विंटलचं पोतं नेऊन बघा एकदा. दादा मास्क हनुवटीला ओढायचे. नाहीतर श्वासच पुरायचा नाही.

त्या एप्रिलात अप्पाही पडले आजारी आणि दादाही. अप्पांना पोरानं, शरणप्पानं, गाडी करून हैदराबादला नेलं. वीस दिवसांनी ते चालत घरी आले. दादांसाठी लातूरला खाट मिळाली नाही, नांदेडला मिळाली. मला सातवा महिना होता, म्हणून मला जाऊ दिलं नाही. फोनवर त्यांचा आवाज भात्यासारखा यायचा. शेवटचं बोलले ते एवढंच, "लाता मारायलंय का गं?" मी म्हणलं, "हाव दादा, लई." सहाव्या दिवशी ते गेले. माय एकटी परत आली, त्यांच्या चपला पिशवीत घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी ऑफिसात होते. पोट सांभाळत जिना चढले आणि राघवेंद्र सरांना म्हणलं, "सर, आज सौद्याआधी दोन मिनिटं..."

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, "मॅडम, चारच तास मिळतात आपल्याला. या महिन्यात मोंढ्यातली सहा माणसं गेलीत. एकासाठी थांबलो तर रोज थांबावं लागेल."

रोज थांबावं लागेल. म्हणजे रोज एक जाणार, हे धरूनच चाललो होतो आम्ही. आणि मी काय म्हणाले? 'हो सर' म्हणाले. खाली बसून त्या दिवशीची हरभऱ्याची आवक टाईप केली. साडेतीन वर्षं झाली, लेकीला मांडीवर घेऊन थोपटताना मध्येच ते दोन शब्द आठवतात आणि हात थांबतो. झोपेतच ती कुरकुरते.

माय तिसऱ्या दिवशी कामावर आली. वीरण्णांनीच निरोप धाडला होता, माल लई साठलाय म्हणून.

आता तेच वीरण्णा कंबरेवर हात ठेवून तिच्यापुढं उभे होते.

"भीमाचं मनात धरून बसलात ना? सांगा की सरळ."

चाळणा थांबला. मायनं तोंडावरचा पदर खाली ओढला.

"सरळ सांगते. मोंढा चालू ठिवला म्हणून माजा राग न्हाई. चालू ठिवा म्हणून आमीच गेलतो. चूल काय असती ते तुमच्या अप्पापरीस मला जास्त ठावं हाय. पर मालक म्हणाला, तू गेलास तर काय वांदा न्हाई, माल थांबला तर वांदा हाय. तोंडानं न्हाई म्हणाला, पर केलं तेच. दोन मिनटं, वीरण्णा. दोन मिनटांत तुमच्या काट्यावर किती पोती चढली असती? चार? धा?"

"टाईमच तसा होता ओ."

"टाईम तुमचा न्हाई, आमचा बी न्हाई, गेला. मला येकच सांगा. तव्हा येक दिस बंद म्हणजे दोन कोटी बुडत हुते. मग आज कुणाचे बुडायलेत?"

वीरण्णा माझ्याकडं बघायला लागले, जणू उत्तर माझ्याकडं होतं. ट्रॉलीवरचे शेतकरी पुढं सरकून ऐकत होते. त्यांचा माल आज उतरणार नव्हता. रात्र रस्त्यावर काढून उद्याच्या भावाला तो विकायचा होता, आणि त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

"सरजाबाई," वीरण्णा हळू आवाजात म्हणाले, "अकराला थांबवा. अप्पांच्या घरची माणसं येणार हायेत. न्हाई थांबवलं तर उद्यापास्नं मला दारात उबं करता यायचं न्हाई तुमाला. माज्या हातात न्हाई ते."

"बरं," माय म्हणाली, आणि पदर पुन्हा तोंडाला बांधला.

ते गेल्यावर मी तिच्याजवळ खाली बसले. "माय, माझं कंत्राट हाय गं. पोर मोठी व्हायलीय, शाळेत घालायची हाय. दोनच मिनिटं हायेत. दादा असते तर उभे राहिले असते."

"हाव," ती म्हणाली. "त्यो ऱ्हायला असता. त्यो सगळ्याईसाठी ऱ्हायचा." मग चाळण्यात नवी पाटी ओतली. "तुला सरांनी धाडलंय. तू वर जा. म्हण, आयकत न्हाई म्हातारी."

मी वर गेले नाही. तिचा हात धरायचा म्हणून आले होते, तोही धरला नाही. मी तिथंच उभी राहिले.

अकराला सौद्याच्या ओट्यावर अप्पांचा फोटो ठेवला. हार, उदबत्त्या. व्यापारी पांढऱ्या कपड्यांत ओळीनं बसले. भाषणं झाली. मोंढ्याचा आधारवड, गोरगरिबांचा कैवारी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एक दिवसही मोंढा बंद पडू दिला नाही, असं कुणीतरी गहिवरून म्हणालं. मग माईकवर राघवेंद्र सरांचा आवाज आला, "दोन मिनिटं स्तब्धता पाळूया."

सगळे उठले. हमाल उठले, ट्रॉल्यांखालचे शेतकरी उठले. सवयीनं माझेही पाय जुळले.

खर्र, खर्र.

एकेक मान वळायला लागली. ओट्यावर पुढं शरणप्पा उभा होता. केस विस्कटलेले, तोंड सुजलेलं. त्यानं आवाजाच्या दिशेनं बघितलं, आणि मायनं त्याच्याकडं. तिचा हात अडखळला. बाप गेलेलं माणूस कसं दिसतं हे तिला कळत होतं, माझ्यावरनं. चाळणा लटकत राहिला, एक श्वासभर.

मग ती पुन्हा चाळायला लागली. जोरात नाही, हळूही नाही. रोज चाळायची तशी. सोयाबीन खाली पडत होतं, माती बाजूला होत होती, आणि चारशे माणसं हात जोडून ते ऐकत होती. मला लाज वाटायला हवी होती. वाटत होती ती लाज नव्हती. मनातल्या मनात मी म्हणत होते, आणखी जोरात, माय. कानठळ्या बसू दे यांच्या.

सभा संपली. शरणप्पा इकडं न बघता गाडीत बसला. राघवेंद्र सर माझ्याजवळून जाताना फक्त म्हणाले, "मॅडम, उद्या बोलू." वीरण्णा आले, चाळण्याच्या बांबूंकडं बघत म्हणाले, "हे सामान आजच उचला."

"उचलते. ढीग हुंदे."

दुपारी दीडला ढीग झाला. तोवर मोंढा रिकामा झाला होता. मायनं माती झाडून एका बाजूला केली, दाण्यांचं टोक नीट सावरलं, वर ताडपत्री ओढली, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. दोरी सोडून चाळणा भिंतीला उभा केला. मी बांबू बांधले.

गेटावरून वॉचमन रामलिंग ओरडला, "चला की ओ सरजाअक्का! कुलूप लावायचंय. बंद हाय न्हवं मोंढा!"

"लावशील की. थांब जरा."

तिनं तोंडाचा पदर सोडला, त्यानंच चेहरा पुसला, आणि डोक्यावर घेतला. लुगडं झटकलं. मग सौद्याच्या ओट्याकडं नाही, फोटोकडं नाही, जिथं हमालांच्या पाठीवर पोती चढतात त्या रिकाम्या धक्क्याकडं तोंड करून उभी राहिली. पाय जुळवून, हात सरळ खाली सोडून. मी तिच्या शेजारी उभी राहिले. नाव घ्यायला माईक नव्हता. तिनं ते नुसत्या ओठांनी घेतलं.

रामलिंग तणतणत जवळ आला. "आता काय ऱ्हायलं ओ..." त्यानं आमच्याकडं बघितलं, धक्क्याकडं बघितलं. बाहेर रस्त्यावरून अहमदपूरची एसटी हॉर्न देत गेली. मोंढ्याचं गेट सताड उघडं होतं.

हातातली साखळी वाजू नये म्हणून रामलिंगनं ती मुठीत घट्ट धरली.