अर्धे बोट आखूड

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर आकडे शोधू नका. तिथे तीन रंग आहेत. हिरवा म्हणजे जवळ, पिवळा म्हणजे मध्यम आणि तांबडा म्हणजे लांब. टेबलावर चिमुकल्या अंतराळयानांची लढाई मांडतात ना, त्या खेळात कुणाच्या तोफेचा मारा कुठवर पोचतो, ते माझ्यावरून ठरते. माझी लांबी बरोबर एक फूट. निदान जन्मले तेव्हा तरी होती.

एका सुताराने उरलेल्या फळीतून मला कापले, पॉलिश केले आणि एका समीक्षकांच्या हाती दिले. हे गृहस्थ एका साप्ताहिकात नव्या खेळांची परीक्षणे लिहीत. प्रत्येक खेळाच्या खोक्यात पुठ्ठ्याची पट्टी असायचीच, पण ते तिला बाजूला सारून मला काढत. "पुठ्ठा वाकतो. आमची पट्टी खोटं बोलत नाही," असे पाहुण्यांना ऐकवत. ते ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढत असे.

मग त्यांनी फासे, याने आणि मला ठेवायला पत्र्याचा डबा आणला. मी त्यात मावेना. झाकण लागेना. त्यांनी करवत काढली, माझे तांबडे टोक अर्धे बोट उडवले आणि कड घासून वर पॉलिशचा हात फिरवला.

"मोजायची वस्तू कापतात का कुणी?" त्यांच्या पत्नीने विचारले.

"अगं, टोकाचं एवढंसं. काय फरक पडतो?"

दोघेही ते विसरून गेले. मी मात्र विसरले नाही. पुढे पाहुणे माझे कौतुक करत तेव्हा मी गप्प बसे. पट्टीला तोंड नसते हे खरे, पण ते कौतुक मला गोड लागत होते, हे त्याहून खरे. त्याची मला आज लाज वाटते.

एके दिवशी एक नवा खेळ परीक्षणासाठी आला. तो करणाऱ्या बाई पूर्वी दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्यांचे साचे करत. तीन वर्षे खपून त्यांनी खेळातली याने साच्यांत ओतली होती. खोक्यात चिठ्ठी होती, "मालवाहू यानाकडे जरा लक्ष द्यावे. ते माझे लाडके आहे." ते यान संथ होते, त्याला चटकन वळता येत नव्हते. त्याची सगळी मदार तोफेवर, कारण ती मात्र पट्टीच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचे.

आणि ते शेवटचे टोकच माझ्याकडे नव्हते.

पत्नी ते यान खेळत होत्या. "अहो, परत थोडक्यात हुकलं!" त्या दर खेपेला म्हणत. पाच डाव झाले, पाचही त्या हरल्या. समीक्षकांनी पानभर परीक्षण लिहिले. "हे यान नव्हे, तरंगते कपाट आहे. बाईंना दातांचे साचे जमत असतील, तोफांचे गणित जमलेले नाही." लिहिताना ते स्वतःशीच हसले. मी शेजारीच पडले होते.

चार महिन्यांनी बाई स्वतः दारात उभ्या राहिल्या. हातात खेळाची नवी आवृत्ती होती. "तुमचं वाचलं आणि दुरुस्ती केली," त्या भीतभीतच म्हणाल्या. "ते यान काढूनच टाकलं. साचाही फोडला."

समीक्षक खूश झाले. एक डाव मांडू म्हणून त्यांनी मला बाहेर काढले. बाईंचा डोळा कवळ्या जुळवण्यात तयार झालेला. त्यांनी मला सहज आपल्या पुठ्ठ्याच्या पट्टीशेजारी ठेवले.

"ही आखूड आहे."

"छे! पुठ्ठा फुगला असेल."

बाईंनी पिशवीतून पोलादी फूटपट्टी काढली आणि माझ्याशेजारी ठेवली. मी अर्धे बोट कमी भरले. पत्नी हळूच म्हणाल्या, "अहो, करवत आठवते का?"

समीक्षकांचा चेहरा पार उतरला. "पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा देतो," ते पुटपुटले.

"झोडलंत पानभर, आणि चूक कबूल करणार दोन ओळींत?" पत्नी म्हणाल्या.

समीक्षकांनी मान खाली घातली. मग खेळाच्या जुन्या खोक्यातले ते मालवाहू यान रुमालाने पुसून बाईंपुढे ठेवले. "यावरून साचा परत करता येईल?"

"येईल की," बाई म्हणाल्या. "पण चार महिने मी स्वतःलाच वेड्यात काढलं. म्हटलं, एवढे जाणते म्हणतात, तर माझंच गणित चुकलं असणार. ते चार महिने कशावरून परत करू?"

यान पिशवीत घालून त्या निघून गेल्या. समीक्षकांनी त्याच दुपारी पानभर कबुली लिहिली. नंतर जुने अंक काढून बसले आणि माझ्यावर विसंबून आणखी कुणाकुणाला नावे ठेवली, ते शोधू लागले. त्यांचे ते शोधणे अजून चालू आहे.

मला ते फेकून देतील असे वाटले होते. त्यांनी मला पालथे केले आणि पाठीवर पक्क्या शाईने लिहिले, "ही पट्टी आखूड आहे. कापणारा मी."

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्याला जपा म्हणून विनवतात. मी तसे म्हणणार नाही. मला घेतलेत तर आधी दुसऱ्या पट्टीशेजारी ठेवून बघा, मगच कुणाला तरी चूक ठरवा. आणि कधी मला घासूनपुसून लखलखीत करावेसे वाटले, तर खुशाल करा. माझी पाठ तेवढी राहू द्या.