तातेरावच्या होडीला कारपेट

दुधनेच्या धरणाचा फुगवटा जिथं गावाच्या शिवाराला टेकतो, तिथं तातेरावची होडी बांधलेली असायची. तातेरावचा बाप नदीच्या डोहात मासे धरायचा. धरण झालं, डोह बुडाला आणि तातेराव फुगवट्यावर जाळी टाकायला लागला. त्याची बायको दैवशाला पाट्या घेऊन परतूरच्या बाजारात बसायची. त्यानं धरायचे आणि तिनं विकायचे, अशी वाटणी लग्नापासून चालत आली होती. लेकी आपापल्या घरी गेल्यावरही त्यात फरक पडला नाही.

दिवाळीच्या तोंडावर तातेरावला झटका आला. सकाळी पाण्यावरून आला, जाळं बाभळीला टांगलं, चहा प्यायला बसला आणि कपबशी हातातून सुटली. शेजारच्या रामकिसननं जीप काढली. जालन्याच्या दवाखान्यात जीव वाचला. पण उजवा हात लोंबकळायला लागला, उजव्या पायातली जाण गेली, आणि जिभेवर शब्द येईनासा झाला. मनात सगळं बराबर असायचं. बाहेर मात्र एखादा शब्द यायचा, तोही खडा काढावा तसा.

घरी आल्यावर चूल तर पेटायला पाहिजे होती. दैवशालानं होडी घेतली. रामकिसनही मासेमारीच करायचा. त्यानं तिला वल्हं मारायला शिकवलं. सुरुवातीला तिची होडी जागच्या जागी गोल फिरायची आणि काठावरचे लोक तोंड लपवून हसायचे. मग होडी सरळ जायला लागली. संध्याकाळी जाळं लावायचं, पहाटे काढायचं, हे तिला जमलं. मरळ जाळ्यातून काढताना हाताला कशी लागते ते तिला नव्यानं कळलं. आजवर तिनं मेलेलेच मासे हाताळले होते.

तातेराव काठावर खाटेवर बसून तिच्याकडं बघत राहायचा. तेच तिला जड जायचं. माणूस आजारी आहे हे सहन होत होतं, पण त्याचं नुसतं बसणं बघवत नव्हतं.

एकदा ती पाट्या धुवायला गेली असताना तो एकटाच काठीच्या आधारानं होडीत चढायला गेला. होडीचा तळ फायबरचा, माशांच्या बुळबुळीनं काचेसारखा झालेला. पाय सरकला आणि तो हनुवटीवर आपटला. टाके पडले.

टाके काढायला जालन्याला गेले, तेव्हा तिथं व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी दैवशालाला बाजूला घेतलं. "त्यांना घरी बसवून ठेवू नका," त्या म्हणाल्या. "ज्या कामाची सवय आहे, तिथं न्या. हात, पाय, बोलणं, सगळं त्यानंच सुधारतं. फक्त पायाखालची जमीन घसरती नको."

"जमीन न्हाई मॅडम, होडी हाय," दैवशाला म्हणाली.

"मग होडी घसरती नको," मॅडम म्हणाल्या.

मॅडमचं हे वाक्य डोक्यात घेऊनच दैवशाला जालन्यातल्या मस्तगडच्या रस्त्यानं चालली होती. तातेरावला रामकिसनजवळ रसवंतीत बसवून ती औषधं आणायला निघाली होती. एका दुकानापुढं कारपेटच्या गुंडाळ्या उभ्या होत्या आणि एक माणूस जीपच्या तळाला करड्या रंगाचं कारपेट बसवत होता. ती तिथं थांबली. वाकून त्या कारपेटवर हात फिरवला. खरबरीत होतं.

"दादा, हे होडीला बसवून द्याल का?"

गल्ल्यावरचा मालक हसला. "होडी? आपल्या जालन्यात?"

जीपमधला माणूस मात्र हसला नाही. तो बुद्धभूषण, दुकानातला कारागीर, चाळिशीचा. त्यानं कटर खाली ठेवला. "लाकडाची हाय का पत्र्याची?"

"फायबरची. माझे मालक बसतेत तिच्यात. त्यांच्या पायात जाण न्हाई."

तिनं बोट दाखवलं तसं त्यानं समोरच्या रसवंतीकडं पाहिलं. तातेराव डाव्या हातानं ग्लास धरून बसला होता. "गाड्या केल्या, हापिसं केली, लग्नाची स्टेजं केली," बुद्धभूषण म्हणाला. "पाण्यावरचं काम आजवर न्हाई केलं. सुटीच्या दिवशी येतो मी. परतूरला उतरल्यावर कसं यायचं तेवढं सांगा."

रविवारी सकाळच्या गाडीनं तो आला. खांद्यावर गुंडाळी, हातात चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा. रामकिसननं होडी पाण्यातून ओढून बाभळीखाली आणली. बुद्धभूषणनं आधी तळ खरवडला. खवले, वाळलेला चिखल, जुन्या दोऱ्यांचे तुकडे, सगळं निघालं. सोड्यानं धुतलं, उन्हात वाळवलं. मग सिमेंटच्या गोण्यांचा कागद तळाला दाबून त्याचा आकार कापून घेतला, कारण होडीची एकही बाजू सरळ नव्हती. काम बघत राहावं असं होतं. त्याचा हात कुठं अडत नव्हता.

तातेराव खाटेवरून बघत होता. बुद्धभूषणनं सोल्यूशन लावायला घेतलं, तसा तो अस्वस्थ झाला. "मा… मागं," तो म्हणाला.

दैवशाला उठली. सोल्यूशनचा वास त्याला सोसत नसेल. तिनं आणि रामकिसननं खाट उचलून मागं नेली.

"मागं," तातेराव परत म्हणाला. "मागं."

"अजून मागं?" खाट आणखी मागं गेली, पार घराच्या भिंतीला टेकली.

"मागं!" त्यानं डावा हात खाटेच्या लाकडावर आपटला.

"ओ, आता भिंत पाडू का काय?" दैवशाला म्हणाली. "ऊन लागून राह्यलंय का तुम्हाला?"

तातेरावनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी काम संपलं. होडीचा सगळा तळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, करड्या कारपेटनं झाकून गेला होता. कुठं सुरकुती नाही, कुठं फट नाही. दैवशालानं बुद्धभूषणच्या हातात पैसे दिले आणि त्याच्या पिशवीत रोहू घातला. दुसऱ्या दिवशी रामकिसननं तातेरावला आधार देऊन होडीत चढवलं. पाय कारपेटवर टेकला आणि तिथंच राहिला, घसरला नाही. तातेरावनं खाली बघितलं, मग दैवशालाकडं. झटका आल्यापासून पहिल्यांदाच त्याचं तोंड हसण्यासाठी वाकडं झालं.

त्या पहिल्या सकाळी ती त्याला नुसतं फिरवून आली. जाळ्याला हात लावला नाही.

पण होडी जाळ्याची असते. जाळं वर ओढलं की त्याच्याबरोबर पाणी येतं, आणि ते पाणी कुठं तरी जाणारच. चार-पाच दिवसांत कारपेटच्या कडा सुटल्या. खाली पाणी शिरलं, वर बुळबुळ साचली, घाण वास यायला लागला. कारपेट भिजलेल्या गोधडीसारखं जड झालं. दैवशाला रोज कडा पायानं दाबायची आणि स्वतःची समजूत घालायची, की सुकंल, चिकटंल.

एका सकाळी मधल्या पाण्यावर ती जाळं ओढत होती. तातेराव तिला मदत करायला म्हणून सरकला आणि त्याचा उजवा पाय सुटलेल्या कडेत अडकला. पायाला कळलंच नाही. तो होडीच्या काठावर आडवा पडला, डोकं आणि हात बाहेर. होडी कलली, पाणी आत आलं. दैवशालानं जाळं सोडून त्याच्या कमरेला मिठी मारली. रामकिसनची होडी जवळच होती. त्यानं तिरपं वल्हं मारत येऊन दुसऱ्या बाजूनं काठ दाबून धरला, तेव्हा होडी सरळ झाली.

काठाला लागल्यावर ती होडीतच बसून राहिली. "उद्यापासून तुम्ही घरी," ती म्हणाली. "मला न्हाई सोसायचं हे. मॅडम काय बी म्हणू द्या."

तातेरावनं नाही म्हणून मान हलवली. मग तो बसल्या बसल्या सरकत होडीच्या मागच्या टोकाला गेला. डाव्या हातानं तिथली कड धरली आणि कारपेट उचकटलं. खालून काळं पाणी भळकन वर आलं.

"मागं," तो म्हणाला. थांबला. "पाणी… मागं."

दैवशाला त्या पाण्याकडं बघत राहिली. होडीचा तळ मागं उतरता होता. जाळ्याचं सगळं पाणी तिथंच येऊन साचायचं, आणि तातेराव आयुष्यभर तिथूनच डबड्यानं ते उपसायचा. तिनं काठावरून हजारदा पाहिलं होतं ते, होडी घेतल्यापासून स्वतः उपसलंही होतं. कारपेटनं तीच जागा बुजली होती.

"तुम्ही खाटंचं न्हाई बोलून राह्यले व्हते," ती म्हणाली. "त्या दिवशी."

त्यानं मान डोलावली. आणि दैवशाला रडायच्या बेतात होती ती हसायला लागली, कारण तिला भिंतीला टेकलेली खाट आठवली. तातेरावही हसला. काठावरच्या रामकिसनला वाटलं, भीतीनं या दोघांचं काहीतरी झालं.

बुद्धभूषणला फोन लावला. तिनं सगळं सांगितलं. "ताई, चूक माझी हाय," तो म्हणाला. "ते बोलत व्हते अन् मी सोल्यूशन वाळंल म्हणून घाई करून राह्यलो व्हतो. येतो मी."

या वेळी तो आल्यावर त्यानं पिशवी उघडलीच नाही. खाटेजवळ जमिनीवर मांडी घालून बसला. "तात्या, मला जल्दी न्हाई. संध्याकाळच्या गाडीनं जायचंय. तुम्ही सांगा, मी ऐकतो."

तातेरावला सांगायला सगळी सकाळ लागली. शब्द अडला की बुद्धभूषण आपला शब्द मधे घालत नव्हता. दैवशालाच्या ओठावर यायचा, पण तिनंही तो गिळला. तातेरावनं काडी मागितली आणि डाव्या हातानं मातीत होडी काढली, वाकडीतिकडी, पण होडीच. मागच्या टोकाला काडी टोचली. "उघडं." मग मधे उभ्या रेघा मारल्या. "फळी. खाली… वारा." मग हाताची मूठ उघडून दाखवली. "निघालं… पायजे."

"म्हंजी खाली पट्ट्या, वर कारपेट, अन् काढून वाळवता येईल असं," बुद्धभूषण सावकाश म्हणाला. "बराबर?"

"बराबर," तातेराव म्हणाला. हा शब्द एका दमात आला.

रामकिसननं घरामागच्या जुन्या फळ्या आणल्या. बुद्धभूषणनं त्यांच्या पट्ट्या कापून तळावर बोटभर अंतरानं उभ्या घट्ट बसवल्या, पाणी खालून मागं वाहून जावं म्हणून. कारपेट या वेळी दुसरं आणलं होतं, नायलॉनचं, पाणी न पिणारं. त्याचे तीन तुकडे केले, कडांना पट्टी शिवली, कोपऱ्यांना कड्या लावल्या आणि होडीला आकडे. तुकडा हवा तेव्हा काढायचा, झटकायचा, उन्हात टाकायचा. मागचं टोक उघडंच ठेवलं. सोल्यूशनचा डबा तसाच राहिला.

शेवटी तातेरावनं आपल्या उजव्या पायाकडं बोट केलं. बुद्धभूषणनं उरलेल्या कारपेटचा रुंद पट्टा त्याच्या बसायच्या जागेपुढच्या फळीवर ठोकला, चपलेच्या पट्ट्यासारखा. पाय त्यात सरकवला की जागेवर राहतो. तातेरावनं सरकवून बघितला, काढून बघितला, परत सरकवला.

जेवायला भाकरी आणि चिलापी माशाचं कालवण होतं. बुद्धभूषणनं मजुरी घ्यायला नकार दिला. "कारपेटचे द्या, कामाचे मागल्या बारीलाच घेतले," म्हणाला.

"तुमचे लई उपकार झाले दादा," दैवशाला म्हणाली. "मागल्या बारीला पोटभर बोलायला बी जमलं न्हाई तुमच्याशी."

"उपकार कशाचे ताई. मला दुकानात दिवसभर लोक सांगतेत, जल्दी करा, जल्दी करा. आज कोणी तरी सावकाश सांगितलं. लई बरं वाटलं." मग जरा थांबून म्हणाला, "एकदा मला बी फिरवा. मी होडीत कधी बसलो न्हाई."

गाडीला वेळ होता. दैवशालानं त्याला आणि तातेरावला बसवून छोटा फेरा मारला. बुद्धभूषणनं होडीचे दोन्ही काठ घट्ट धरले होते आणि तातेराव त्याच्याकडं बघून आवाज न करता हसत होता.

दुसऱ्या दिवसापासून दोघं जाळ्याला एकत्र जायला लागले. तातेराव मागं बसायचा, पाय पट्ट्यात, डाव्या हातात तेलाचा कापलेला डबा. पाणी यायचं, तो उपसायचा. दैवशाला जाळं ओढायची. मासा सुटतोय असं दिसलं की तो "वर" म्हणायचा किंवा "सोड" म्हणायचा, आणि ती थांबून ऐकायची. दर आठवड्याला कारपेटचे तुकडे काढून बाभळीवर वाळत टाकायचे. रामकिसननंही मग आपल्या होडीत तशाच पट्ट्या मारून घेतल्या.

जाळं मारण्याइतका तातेरावचा हात काही सुधारला नाही. बोलणं मात्र हळूहळू मोकळं झालं. उन्हाळा लागायच्या सुमाराला एका सकाळी पाणी अगदी संथ होतं. जाळं बऱ्यापैकी भरलं होतं. दैवशाला मान खाली घालून मासे काढत होती. मागून डब्याचा आवाज थांबला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

तातेराव तिच्याकडं बघत होता. बोलायचं होतं. तिनं हातातला रोहू पाटीत टाकला, ओले हात लुगड्याला पुसले आणि वाट बघत राहिली. होडी वाऱ्यानं थोडी सरकली.

"तू… शिकली," तो म्हणाला. "म्हणून… मी परत… पाण्यावर."

एवढं सलग तो दिवाळीपासून बोलला नव्हता. तिच्या सगळ्या संसारात त्यानं तिचे आभार कधी मानले नव्हते, आणि तिलाही ते कधी लागले नव्हते.

"मला एकटीला गोल फिरायचा कंटाळा आल्ता," ती म्हणाली.

त्याला इतकं हसू आलं की डबा हातातून सुटला. तिनं तो वाकून उचलला, त्याच्या डाव्या हातात दिला आणि वल्हं पाण्यात घातलं. परतूरचा बाजार होता त्या दिवशी. ऊन चढायच्या आत पाट्या भरून निघायचं होतं.