थुंकलेल्या दगडांचा ढीग

मी मानोंग खिंडीच्या माथ्यावरचा दगडांचा ढीग बोलतोय. ढीगच म्हणा, मला राग नाही. लेसोथोच्या डोंगरात माझ्यासारखे ढीग खिंडीखिंडीत बसलेत. पण मला कुणी अडगळ म्हटलं की माझा माथा भडकतो, आणि माझा माथा म्हणजे नुसते दगड, तेव्हा जरा जपून बोला.

मला कुणी बांधलं नाही. खिंड चढून आलेला माणूस वाटेतला एक दगड उचलतो, त्यावर थुंकतो आणि माझ्या अंगावर ठेवतो. पुढची वाट सुखाची जावी, एवढंच त्याचं मागणं. तुम्ही नाक मुरडलंत ना? मुरडा खुशाल. गाड्यांतून येणारे पाहुणेही मुरडतात. दरीचे फोटो काढतात, गिधाडांचे काढतात आणि माझ्याकडे वळून 'शी' म्हणतात. पण मी आयुष्यभर जेवढी थुंकी झेलली, तेवढा विश्वास खालच्या गावातल्या चर्चने तरी झेललाय का, ते एकदा विचारून या.

असा मी वाढलो. गाढवांवर लोकर लादून जाणारे, लग्नात द्यायच्या गाई हाकणारे, सोन्याच्या खाणीत कामाला उतरणारे, सगळ्यांनी मला एकेक दगड दिला. देणारे काही परत आले, काही नाही आले. दगड मात्र मी सगळ्यांचे सांभाळले.

माझ्या शेजारी म्मे मालेबोना बसते. इथे मोठ्या बाईला म्मे म्हणतात आणि पुरुषाला न्ताते. मालेबोना म्हणजे लेबोनाची आई. खांद्यावर घोंगडी, तिला मोठी पिन, आणि पुढ्यात तेलाची कढई. कणकेचे फुगलेले गोळे, माक्वेन्या, तळून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहाबरोबर विकते. तिचा लेबोना खाणीवर निघाला तेव्हा त्याने घरच्या ओढ्यातला दगड आणून माझ्या पायाशी ठेवला. गुळगुळीत, मधून पांढरी रेघ गेलेला. गेल्या नाताळला तो घरी आला नाही. निरोपही नाही. म्मे रडत बसली नाही. रोज सकाळी ती वाकून त्या दगडाला हात लावते आणि मगच चूल पेटवते. दगड जागेवर आहे तोवर पोरगा वाटेवर आहे, असं तिने मनाशी पक्कं धरलंय.

एकदा एका पाहुण्याने आठवण म्हणून माझा एक दगड पिशवीत टाकला. म्मे झारा घेऊन त्याच्या गाडीमागे धावली. इथे ठेवतात, नेत नाहीत, असं तिने त्याला आपल्या भाषेत सुनावलं. त्याला शब्द कळले नाहीत, झारा कळला. दगड परत आला.

मग एके दिवशी रस्त्याच्या कामावरचे साहेब, न्ताते सेलेबालो, बुलडोझर घेऊन वर आले. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला माथा सपाट करायचा होता, आणि मी नेमका मधे. माणूस वाईट नव्हता, गोड बोलून काम काढायची त्याला सवय होती.

"म्मे, दगडच तर आहेत," ते म्हणाले. "खालच्या वळणावर दुसरा ढीग करून देतो. याच्याहून उंच."

"आणि त्यावर थुंकणारी माणसं? तीही तुम्हीच आणून देणार का, न्ताते?"

साहेबांनी बुलडोझरवाल्या मोत्लात्सीला खूण केली. म्मे कढईवरून उठली आणि यंत्राच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. आवाजही चढवला नाही.

"पोरा, सकाळी वर आलास तेव्हा तूही एक ठेवलास. मी बघितलंय. आधी तुझा दगड शोधून काढ, खिशात घाल, आणि मग बाकीचं पाड."

मोत्लात्सीने माझ्याकडे बघितलं, मग दरीकडे. संध्याकाळी त्याला तीच वळणं उतरायची होती. त्याने यंत्र बंद केलं आणि तो खाली येऊन चुलीपाशी हात शेकत बसला.

साहेबांना ते झोंबलं. आपण असलं काही मानत नाही, असं म्हणत ते स्वतःच यंत्रावर चढून बसले. म्मेला मोत्लात्सीने हाताला धरून बाजूला घेतलं. पातं माझ्या छातीत घुसलं आणि माझे अर्धेअधिक दगड गडगडत दरीत गेले. लागलं मला, खोटं कशाला बोलू? साहेब दुसऱ्या धक्क्यासाठी मागे सरले, तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. आमच्याकडे ते कुणाला विचारून येत नाही. कडा दिसेना, तसं यंत्र थांबवावं लागलं.

म्मे गुडघ्यांवर बसली आणि माझ्या पडक्या अंगात तिने कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ चाचपत होती.

"आहे," ती म्हणाली.

मग ती उठली, वाटेतला एक दगड उचलला, थुंकली आणि ठेवला. मोत्लात्सीनेही ठेवला. थोड्या वेळाने खालून माणसांनी खच्चून भरलेली टॅक्सी आली. उतारू उतरले, त्यांनी माझी दशा बघितली, कुणाला काही विचारलं नाही, आणि बऱ्याच जणांनी एकाऐवजी दोन दोन ठेवले. संध्याकाळपर्यंत मी पुन्हा माणसाच्या गुडघ्याला लागलो होतो.

धुकं काही हटेना. साहेबांना मुक्कामाला खाली जायचं होतं. त्यांनी गाडी चालू केली, चार हात पुढे नेली, थांबवली. उतरले. दरी बघतोय असं दाखवत उभे राहिले, तिथे दिसत काहीच नव्हतं. मग हळूच वाकून त्यांनी एक खडा उचलला आणि माझ्या पाठीकडून, कुणाला दिसणार नाही असा, ठेवून दिला.

म्मे चूल विझवत होती. तिने मानही वर केली नाही.

"न्ताते, आधी थुंका. कोरडा दगड चालत नाही."

साहेबांनी खडा परत उचलला. थुंकले.

यंत्र पुन्हा येईल, मला ठाऊक आहे. येऊ दे. मला पाडायला एक हट्टी माणूस पुरतो. उभं करायला मात्र गवंडी लागत नाही, पुढच्या वाटेची भीती वाटणारा कुणीही चालतो. ती भीती तुमच्याकडेही असेल, तेव्हा या कधी, येताना एक दगड घेऊन या आणि थुंकायला लाजू नका. फक्त पायाशी पांढऱ्या रेघेचा एक दगड आहे, त्याला धक्का लावू नका. लेबोना अजून वाटेवर आहे.